साक्षीतलं सातवं वाक्य

ज्याच्यामुळे हे इतके दिवस सांगता येत नव्हतं तो माणूस गेल्या महिन्यात वारला. वय त्र्याण्णव. स्वतःच्या घरात, स्वतःच्या पलंगावर, झोपेत. पेपरात आलं होतं की शेवटपर्यंत त्यांची स्मरणशक्ती उत्तम होती, फक्त त्या एका दिवसाचं काही आठवत नव्हतं. असो. आता त्याचं अपील नाही की खटला नाही, म्हणून लिहितो.

माझी बायको त्याच्या दोन वर्षं आधी गेली. ती घरी बसून शिंप्यांच्या सदऱ्यांना काजं करायची, बटणं लावायची. पण गावभर ओळख ती साक्षीबाई म्हणून. आमच्या घरासमोर एक शाळा होती. लेक तिच्या पोटात होती त्या वर्षी, एका सकाळी, त्या शाळेच्या पटांगणात सैन्याच्या गाड्या आल्या. त्यातून माणसं उतरवली, भिंतीशी उभी केली आणि मारली. हा जो झोपेत वारला, तो तिथला अधिकारी. सरकार म्हणालं असं काही झालंच नाही, त्या दिवशी शाळेला सुट्टी होती. अकरा वर्षांनी सरकार बदललं, चौकशी आयोग बसला, आणि आमच्या रस्त्यावरच्या बावीस घरांतून एकच बाई उठून सांगायला गेली. ती ही. बाकीच्या एकवीस घरांतली माणसं म्हणे त्या दिवशी बाहेरगावी गेली होती. ही म्हणायची, "एवढी माणसं एकाच दिवशी बाहेरगावी गेली, तर बसमध्ये जागा कशी पुरली?"

त्यानंतर दरवर्षी तिला कुठे ना कुठे बोलावणं यायचं. मी बरोबर जायचो. पाण्याची बाटली, चष्म्याची डबी आणि स्वेटर असलेली पिशवी माझ्याकडे असायची. लोक विचारायचे, "हे कोण?" कोणीतरी सांगायचं, "साक्षीबाईंचे यजमान." मग ते माझ्याकडे बघून मान हलवायचे आणि तिच्याकडे वळायचे. बऱ्याच फोटोंत माझं कोपर आलं आहे.

तिची साक्ष चौदा वाक्यांची होती. आयोगाच्या टंकलेखकाने प्रत्येक वाक्याला आकडा घातला होता, आणि पुढे कोर्टात, सभांत, शाळांत ती तीच चौदा वाक्यं त्याच क्रमाने सांगायची. एक शब्द इकडचा तिकडे होऊ द्यायची नाही. पहिलं वाक्य असं, की मी खिडकीपाशी बसून काजं करत होते, कारण उजेड तिथेच येतो. पाचवं असं, की एका माणसाने चष्मा काढला, सदऱ्याला पुसला आणि परत घातला. सहावं, त्याने वर आमच्या खिडकीकडे बघितलं. सातवं, मग मी खिडकी लावून घेतली. आठवं, त्यानंतर मी फक्त ऐकलं. आणि नववं, मी आवाज मोजले, ते एकतीस होते.

मोजायची तिला सवयच होती. दिवसाला साठ-सत्तर काजं करणारा माणूस मोजल्याशिवाय राहूच शकत नाही. आयोगातल्या एका साहेबांनी हसून विचारलं होतं, "बाई, एकतीस? तीस नाही, बत्तीस नाही?" दोन वर्षांनी शहराबाहेर एक खड्डा सापडला. त्यात एकतीस जणांची हाडं होती. तेव्हा ते साहेब हसायचे थांबले आणि खटला उभा राहिला.

ती गेल्यावर चार महिन्यांनी संग्रहालयाच्या मॅडम घरी आल्या. ती शाळा पाडून तिथे आता संग्रहालय केलं आहे. मॅडम हुशार, बोलायला गोड. बरोबर दोन सुतार आणि कॅमेरा घेतलेला एक फोटोग्राफर. त्यांना आमची खिडकी हवी होती.

मी म्हणालो, "ती तुमच्या दारातून दिसतेच की. रस्ता ओलांडून साठ पावलं."

"हो काका, पण इथे प्रकाशयोजना करता येत नाही ना."

त्या खिडकीजवळ गेल्या आणि काचेला बोट लावू की नको असं करत म्हणाल्या, "याच काचेतून त्यांनी सगळं बघितलं."

मी आयुष्यभर काच बसवण्याचं काम केलं. खोटी काच खरी म्हणून खपवणं मला जमत नाही. म्हणालो, "ही काच आठ वर्षांपूर्वीची आहे. तेव्हा दुधी काच होती, खिडकी लावली की पलीकडचं काही दिसायचं नाही. निकाल लागला त्या दिवशी ही म्हणाली, आता साधी काच लावा. मी लावली."

"पण चौकट तर मूळचीच?"

"चौकट मूळची. खालची पट्टी कुजली होती, ती बदलली. कडी दोनदा बदलली."

मॅडमनी सुतारांकडे बघितलं. मग मला हळूच म्हणाल्या, "काका, हे कृपा करून कुणाला सांगू नका हं."

साक्षीदाराच्या घरी येऊन एवढंच मागितलं त्यांनी.

मग त्यांनी पर्समधून कागद काढला. वारस म्हणून माझी सही हवी होती. खिडकीशेजारी बायकोच्या आवाजात साक्ष ऐकवणार होते, आणि भिंतीवर ती मोठ्या अक्षरांत लिहिणार होते. मी चष्मा लावून वाचलं. मला ती साक्ष झोपेतून उठवलं तरी म्हणता येते. वाचताना एका जागी पाय चुकल्यासारखं झालं. पायरी आहे म्हणून पाऊल टाकावं आणि खाली काही नसावं तसं. परत मोजली. तेराच वाक्यं होती.

"सातवं राहिलं," मी म्हणालो.

"राहिलं नाही काका, काढलंय. आम्ही चाळीस लोकांना आधी ऐकवून बघितलं. त्यातल्या सव्वीस जणांनी लिहिलं, बाईंनी खिडकी का लावली? त्यांना राग येतो. सगळं लक्ष तिथेच अडकतं. मारणारे राहतात बाजूला आणि लोक तुमच्या मिसेसना बोलतात. तुम्हाला आवडेल?"

"मग आठवं कसं लागणार? त्यानंतर फक्त ऐकलं, असं आहे ना?"

"आठव्यातलं 'फक्त' काढलंय. आता कसं, त्या बघतही होत्या आणि ऐकतही होत्या. खिडकीपण आम्ही उघडीच ठेवणार आहोत. शेवटपर्यंत उघडी. धीराच्या बाई."

मी कागद परत डोळ्यांजवळ धरला. त्यांना वाटलं मला गहिवरून आलं आहे. त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. तो माझा उजवा हात होता, आणि त्याच्यामुळेच असेल, मी बोलून गेलो.

"मॅडम, खिडकी तिने लावलीच नव्हती. मी लावली."

हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. आता सांगायला लागल्यावर एकदम सगळं सांगितलं. आदल्या दिवशी दुकानात काच कापताना माझा उजवा तळवा फाटला होता. नऊ टाके पडले. मालकांनी घरी पाठवलं. त्या सकाळी मी खाटेवर पडून होतो आणि ही खिडकीत काजं करत होती. ती हळू आवाजात म्हणाली, "अहो, माणसं उतरवताहेत." मी म्हणालो, "बघू नकोस." ती बघतच राहिली. चष्म्यावाल्याचं तिने मला तेव्हाच सांगितलं. मग म्हणाली, "तो इकडे बघतोय." मी उठलो, तिच्या डोक्यावरून हात घातला आणि त्या पट्टी बांधलेल्या हाताने खिडकी लावली. कडी घातली. खिडकी ओढायला हात बाहेर काढला तेव्हा मला तो माणूस दिसला, आणि त्याला मी. किती वेळ, ते सांगता येणार नाही. तिने मान वळवून माझ्याकडे बघितलं. मग तिचे ओठ हलायला लागले. मला वाटलं देवाचं नाव घेते आहे. ती मोजत होती.

पुढे कधी कधी मी स्वतःशी म्हणायचो की ती गरोदर होती, तिला त्रास होऊ नये म्हणून लावली. तसं नव्हतं. मी घाबरलो होतो. तिची आठवण त्या वेळी मला झालीच नाही.

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं आता त्या मला काहीतरी बोलतील. निदान हात तरी काढून घेतील. त्यांचा चेहरा उजळला.

"म्हणजे काका, त्यांनी खिडकी लावलीच नव्हती! मग सातवं वाक्य खोटंच आहे. आम्ही काढलं ते बरोबरच झालं."

"पण मी लावली त्याचं काय? ते घाला."

"ते कसं घालणार? तुम्ही साक्षीदारांच्या यादीत नाही. नोंदणी पाच वर्षांपूर्वी बंद झाली. आणि त्यांच्या साक्षीत तेरावं वाक्य काय आहे? घरात माझ्याशिवाय कोणी नव्हतं."

ते खरं. आयोगाच्या टंकलेखकाने विचारलं, घरात आणखी कोण होतं, आणि मी बाहेर बाकावर पिशवी घेऊन बसलेलो असताना तिने आत सांगून टाकलं, कोणी नाही. परत येताना बसमध्ये तिने मला सांगितलं. मी चिडलो. ती म्हणाली, "तुमचं नाव घातलं असतं तर दोघांना बोलावत बसले असते. दोघांच्या कामाचे खाडे. एकाचा पुरे." मी म्हणालो, खरं कारण सांग. ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "बाई घाबरली तर लोक बिचारी म्हणतात. पुरुष घाबरला तर काय म्हणतात ते मला ऐकायचं नाही. आणि तुम्हाला नीट सांगता तरी येतं का? दूध उतू गेलं तरी तुम्ही तीनदा अडखळता." तिथे विषय संपला. खटल्याच्या वेळी मी परत काढला, तर म्हणाली, "आता शपथेवर सांगून झालंय. गप्प बसा."

मी मॅडमना म्हणालो, "मालकांची हजेरी बघा. त्या दिवशी मी कामावर नव्हतो."

मॅडम मला रस्त्यापलीकडे घेऊन गेल्या. संग्रहालयात एका कपाटात 'नेहमीसारखा दिवस' अशी पाटी होती. त्या दिवशी शहरात बाकी सगळं कसं सुरळीत चाललं होतं ते दाखवणाऱ्या वस्तू आत होत्या. दुधाचं कार्ड, सिनेमाचं तिकीट, आणि आमच्या काचेच्या दुकानाची हजेरीवही, नेमकं ते पान उघडून ठेवलेलं. माझ्या नावापुढे मालकांच्या अक्षरात 'हजर'. भला माणूस. टाके पडलेल्या कामगाराचा खाडा कसा मांडायचा, म्हणून हजर लावलं असणार.

बायकोने माझ्यासाठी एक खोटं सांगितलं आणि मालकांनी एक. दोघांनी मायेनेच. त्या दोन मायांच्या मध्ये मी त्या खोलीत नव्हतोच असं सिद्ध झालं होतं. मी मॅडमना तळव्यावरचा व्रण दाखवला. त्या म्हणाल्या, "त्यावर तारीख नाही ना काका."

त्यांनी तिथूनच सरकारी वकिलांना फोन लावला आणि मला दिला. वकील जुन्या ओळखीचे. तेव्हा त्या अधिकाऱ्याचं अपील चालू होतं आणि तो प्रकृतीच्या कारणावरून घरी होता.

"काका, तुम्ही खरं सांगताय?" त्यांनी विचारलं.

"खरं."

"मग वाईट झालं. खोटं सांगत असता तर सोडून देता आलं असतं." मग म्हणाले, "हे तुम्ही लेखी दिलंत तर मला समोरच्या वकिलाला दाखवावं लागेल. तो उभा राहून एवढंच म्हणेल, बाई शपथेवर म्हणाल्या घरात कोणी नव्हतं, आणि नवरा म्हणतो मी होतो. एक गोष्ट खोटी, तर एकतीस खरे कशावरून? हाडं कोणाच्याही हुकमाने खड्ड्यात गेली असतील. त्या म्हाताऱ्याला त्या पटांगणाशी बांधणारी एकच दोरी आहे, तुमची बायको. तुम्हाला मन मोकळं करायचंय ते मला कळतं. करा. तो म्हातारा सुटेल, एवढंच."

"आणि नाही दिलं तर?"

"तर मी हा फोन घेतलाच नाही. नेटवर्क नव्हतं."

रविवारी लेक डबा घेऊन आली. ती दवाखान्यात नर्स आहे, आईसारखीच, तोंडावर बोलणारी. तिलाही मी सांगितलं. ती डब्याचं झाकण हातात धरून तशीच उभी राहिली.

"म्हणजे मी उगीच मारामाऱ्या केल्या?"

"कसल्या?"

"तुम्हाला कुठे माहीत असणार! आई आयोगासमोर बोलून आली आणि त्यानंतर तीन वर्षं मला शाळेत 'खिडकी' म्हणायच्या. मी वर्गात आले की कोणीतरी ओरडायची, खिडकी आली, कडी घाला. एकीचे केस उपटले मी. मुख्याध्यापिकांनी आईला बोलावलं. घरी आल्यावर मी आईला विचारलं, का लावलीस गं ती खिडकी? तर म्हणाली, तू पोटात होतीस ना. घ्या! माझ्यावर ढकललं. इतकी वर्षं मला वाटत होतं माझ्यामुळे लावली. आणि तुम्ही शेजारच्या खोलीत बसून रेडिओ ऐकत होता."

मी म्हणालो, "चुकलं माझं."

"ते राहू दे. आता वाक्य काढताहेत ना? काढू दे की. सुटली आई. सही करून टाका आणि विषय संपवा."

"ते काढलं तर त्या माणसाचं काय?"

"कोणत्या माणसाचं?"

"चष्म्यावाल्याचं. त्याने वर बघितलं तेव्हा खिडकी उघडी होती, आणि त्याच्या डोळ्यांसमोर ती लागली. हे त्याने बघितलेलं आहे. तुझी आई त्याची साक्षीदार होती, पण तो आपला साक्षीदार होता. त्याने जे शेवटचं बघितलं ते मी पुसू? खिडकी उघडी होती, बाई धीराने बघत होती, असं भिंतीवर लिहू? तो येऊन नाही म्हणू शकत नाही म्हणून?"

लेकीने झाकण खाली ठेवलं. "मग खरं लिहायला सांगा. बाबांनी लावली म्हणून."

"तर तो म्हातारा सुटतो."

"आणि आईचंच राहिलं तर लोक आईला बोलणार. जन्मभर बोलले, आता मेल्यावर पण. तिकीट काढून."

"हो."

"बाबा, तुमच्या हे लक्षात येतंय ना, की तुम्ही बायकोची बदनामी टिकवायला भांडताय?"

"येतंय."

मग तिने ताट वाढलं आणि स्वतःसाठी नाही घेतलं.

सोमवारी मी मॅडमकडे गेलो आणि सांगितलं, चौदाच्या चौदा वाक्यं असतील तर सही. आठव्यातलं 'फक्त' सुद्धा. आणि काच दुधी हवी, ती मी बसवणार, आणि खिडकी लावलेली असेल. मॅडम म्हणाल्या, "पण काका, तुम्हीच म्हणालात ना, ते वाक्य खोटं आहे." मी म्हणालो, वाक्य तिचं आहे. तुमच्या कागदावर लिहिलंय की वरील शब्द माझ्या पत्नीचे आहेत. ते आहेत. त्या म्हणाल्या, समितीला विचारावं लागेल. समितीने पंधरा दिवस घेतले आणि होकार दिला, कारण उद्घाटनाची पत्रिका छापून झाली होती आणि तिच्यावर खिडकीचं चित्र होतं.

काच बसवायला मला एक दिवस लागला. पूर्वीसारखी दुधी काच आता सहज मिळत नाही, तीन दुकानं फिरलो. सुतारांनी चौकट उभी केली होती. मी काच घातली, कडेने लांबीचा मऊ लगदा भरला, अंगठ्याने दाबत गेलो. हे काम करताना माणूस एकटा असला की काही ना काही बडबडतो. मी तिला सांगत होतो की खालची पट्टी थोडी वाकडी आहे, पण ती तुझ्या वेळेपासून वाकडीच आहे. मग कडी घातली आणि दिवा लावून बघितलं. पलीकडचं काही दिसत नव्हतं. घरी आलो तर त्या जागी भिंतीत भोक होतं आणि त्यावर सुतारांनी फळी ठोकली होती. ती फळी मी महिनाभर तशीच ठेवली.

उद्घाटनानंतर गर्दी ओसरली तेव्हा लेक आणि मी आत गेलो. खिडकीसमोर एक बाई उभ्या होत्या, साधारण लेकीच्याच वयाच्या, कानाला ते ऐकायचं यंत्र लावून. सातवं वाक्य आलं ते मला त्यांच्या तोंडावरून कळलं. त्यांनी यंत्र काढलं आणि आमच्याकडे वळून, कोणीही शेजाऱ्याला म्हणावं तसं म्हणाल्या, "लावली की हो खिडकी! मी असते तर नसती लावली. कशी बाई असेल!"

मी तोंड उघडलं. लेकीने माझं कोपर धरलं.

"माझी आई होती," ती म्हणाली. "घाबरली होती."

त्या बाई ओशाळल्या. "अरेरे, माफ करा हं. मला तसं नव्हतं म्हणायचं. एकट्या असतील बिचाऱ्या." मग माझ्याकडे बघून त्यांनी विचारलं, "आणि तुम्ही? तुम्ही कुठे होता हो त्या वेळी?"

एवढ्या वर्षांत हे मला कोणीच विचारलं नव्हतं. आयोगाने नाही, कोर्टाने नाही, पेपरवाल्यांनी नाही. लेकीची पकड घट्ट झाली. शहरात कुठेतरी तो म्हातारा आपल्या पलंगावर पडून अपिलाच्या तारखेची वाट बघत होता.

"कामावर होतो," मी म्हणालो. न अडखळता.

"बरं झालं," त्या बाई मनापासून म्हणाल्या. "तुम्हाला तरी बघावं लागलं नाही."

मी म्हणालो, "हो ना."